डावीकडं वळणारी फेरी

हवालदार गेल्याची बातमी आली तेव्हा माझा हात रुमालाखाली होता. आमच्या दुधनीच्या अडत बाजारात आता उघडा लिलाव होतो, तसा नियमच आहे, पण सीमेपलीकडून माल घेऊन येणारे जुने शेतकरी अजून बोटांनीच बोलतात. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा, खाली बोटं धरून भाव सांगायचा आणि वर तोंडानं पावसापाण्याच्या, लेकीच्या सासरच्या गोष्टी करायच्या, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. तुरीचा पहिला माल आला होता. समोरचा म्हातारा चिवट होता आणि मीही काही कमी नाही; बराच वेळ आमची बोटं एकमेकांना ओढत होती. तेवढ्यात हमालांचे मुकादम इमामचाचा आले, पोत्यांच्या थप्पीला टेकले आणि म्हणाले, "मल्लूशेठ, हवालदार गुजर गए. अब्बीच." आमच्या धंद्याची एक रीत आहे. सौदा ठरेपर्यंत किंवा मोडेपर्यंत रुमालाखालचा हात सोडायचा नाही. मध्येच सोडला तर तो समोरच्याचा अपमान. इतक्या वर्षांत मी कधी सोडला नव्हता; त्या दिवशी सोडला. म्हाताऱ्यानं रागानं बघितलं नाही, एवढंच विचारलं, "कोण होतं तुमचं?" नातं नव्हतं. मित्र म्हणावं, तर आम्ही आयुष्यात जेवढं बोललो त्यातलं निम्मं भांडणच होतं. शेवटी म्हणालो, "त्या माणसासंगं माझं एक भांडण राहिलंय." म्हातारा म्हणाला, "मग जावा की. तूर काय पळत न्हाय."

ते भांडण कशाचं, हे सांगायचं तर आधी आमच्या फेरीबद्दल सांगायला हवं. बाहेरच्या वाचकाला वाटेल, सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी तर गावोगाव निघते, तिचा इतिहास तो काय असणार… पण लहान गावात वर्षातून एकदा सगळे एका रस्त्यानं चालतात, तेव्हा कोण पुढं, कोण मागं आणि ती कुणाच्या दारावरून जाते, यावर माणसं जन्मभर झुरतात. मी झुरलो आहे, म्हणून सांगतो.

सिद्राम हवालदार धनगराघरचे. वडील मेंढरं राखायचे. सिद्रामअण्णा पलटणीत गेले, बाहेरच्या मुलखात लढाई बघून आले आणि प्रजासत्ताक झाल्यावर दोन-तीन वर्षांनी पेन्शन घेऊन गावी परतले. आम्ही कुणीच बघितलेले नव्हते असे काळे, आरशासारखे बूट त्यांच्या पायांत होते. तोवर आमची फेरी म्हणजे पुढं भजनी मंडळ, मागं शाळेची पोरं आणि मध्ये ज्याला वाटेल तो. एका वर्षी तर कुंभाराचं गाढवही चावडीपर्यंत चाललं होतं. आल्या वर्षी हवालदारांनी ही फेरी रस्त्याकडेला उभं राहून बघितली आणि म्हणाले, "यापेक्षा आमची मेंढरं बरी की. एक वळलं की सगळी वळत्यात." गावाला ते झोंबलं. आणि गावाला झोंबलं की गाव काय करतं, तर झोंबवणाऱ्याच्या गळ्यात ते काम बांधतं. पुढच्या वर्षीपासून फेरी हवालदारांची झाली.

शाळेची पोरं थोडी होती, आणि तीही किडमिडी. मग एका सकाळी हवालदार अडत बाजारात आले. आम्ही हमाल पोती उतरवत होतो. मी विशीत होतो. चौथीत नापास होऊन शाळा सुटलेली, पुढचं सगळं शिक्षण पोत्यांनी दिलं. हवालदार आमच्या पाठींकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "देशाची फेरी हाय आणि ज्यांच्या पाठीत जोर हाय ती माणसं हितं. चला." असं आम्हाला कुणी कधी म्हटलं नव्हतं. हमालाला लोक बोलावतात ते ओझं दाखवून. आम्ही पंधरा-सोळा जण गेलो. महिनाभर शाळेच्या मैदानावर कवायत चालली. पलटणीत तेव्हा हिंदी हुकूम नवे आले होते आणि हवालदारांना त्यांचा मोठा अभिमान. पण चालत चालत वळायचा हुकूम वेगळा, उभ्यानं वळायचा वेगळा, हे आमच्या डोक्यात शिरेना. तेव्हा त्यांनी आमच्यासाठी सोपं करून टाकलं. वळण कसलंही असो, शब्द एकच… मूड. बाये मूड म्हणजे डावीकडं, दहिने मूड म्हणजे उजवीकडं, पीछे मूड म्हणजे मागं. सोपं केलं आणि तिथंच घात झाला.

शाळा गावाच्या उत्तरेला आहे. तिथून रस्ता सरळ दक्षिणेला उतरतो आणि बाजार कोपऱ्यावर येतो. कोपऱ्यावरून डावीकडं, म्हणजे उगवतीला, चावडी आणि जुनी पेठ. उजवीकडं, मावळतीला, तेव्हा मोकळं रान होतं आणि रानापलीकडं आमची हमाल गल्ली. फेरी आजवर तिकडं कधी गेली नव्हती. हवालदारांनी ठरवलं होतं की त्यांची पहिली फेरी आधी हमाल गल्लीत जाईल, मग चावडीला. आम्हाला हे कळलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आदल्या दिवशीच घरं सारवली. आम्ही हमाल पुढच्या रांगांत होतो, मी पहिल्या रांगेत. कोपरा आला. पेठेतले सगळे मोठे लोक ओट्यांवर उभे. मागून हवालदारांचा आवाज आला, त्यातलं 'दहिने' ढोलाच्या दणक्यात बुडालं आणि कानावर आलं ते 'मूड'. आता आमच्या घरी कानडी. कानडीत मूडल म्हणजे उगवतीची दिशा. महिनाभर मैदानावर मी शेजारच्याला बघून वळत होतो. पहिल्या रांगेत बघायला कुणी नव्हतं. मी ताठ मानेनं उगवतीला वळलो. माझ्यामागं घरी कानडी बोलणारे सगळे वळले. मराठी बोलणारे आणि इमामचाचांसारखे, ज्यांना हिंदी कळत होतं ते, बरोबर मावळतीला वळले. फेरी मधोमध फाटली. इमामचाचा आणि मी छातीला छाती लावून आदळलो, त्यांची टोपी पडली. ओट्यावरून पेठेतले मोठे शेठ म्हणाले, "हवालदार, दोन फेऱ्या काढल्या काय? एक आमच्याकडं, एक तिकडं?" अख्खी पेठ हसली. हवालदार हसले नाहीत. त्यांनी 'बाये मूड' देऊन सगळ्यांना गोळा केलं, चावडीला नेलं, झेंड्याला सलामी झाली. हमाल गल्लीला त्या दिवशी जाणं झालंच नाही. चावडीसमोर त्यांनी मला रांगेतून ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मल्ल्या, मागं जा. लोक बघत्यात तितं तू नको."

वाचकहो, त्या वाक्याला आता पंचवीस वर्षं होत आली. मला त्यातला प्रत्येक शब्द अजून ऐकू येतो. चूक माझी होती, नाही म्हणत नाही. पण चुकीला शिक्षा वेगळी आणि माणसाला जागा दाखवणं वेगळं. ओझ्याखाली मी कधी मान वाकवली नव्हती, त्या दिवशी वाकवली. पुढच्या वर्षीपासून हवालदार स्वतः फेरीच्या पुढं चालू लागले आणि फेरी कोपऱ्यावर डावीकडं वळली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग डावीकडं वळणं हीच रीत झाली आणि उजवीकडं जायचं होतं हे गाव विसरूनही गेलं. मी शेवटच्या रांगेत चाललो. हवालदारांना राग आला असता तर मी फेरी सोडली असती, पण ते दरवर्षी कवायतीच्या आधी अडत बाजारात यायचे, माझ्याकडं न बघता म्हणायचे, "शेवटची रांग मोकळी हाय." आणि मी जायचो. का जायचो, ते विचारू नका. राग असलेल्या माणसाला शेवटची रांग बरी पडते. पुढच्या सगळ्यांच्या पाठीकडं बघत चालता येतं.

पुढं मी हमालाचा तोलणार झालो, तोलणाराचा दलाल, दलालाचा अडत्या. कुणाच्या कृपेनं नाही. बोटांवरून माणूस ओळखायची कला मला होती. भाव सांगताना समोरच्याच्या नाडीचे ठोके बदलतात, ते मला रुमालाखाली कळतं. मावळतीच्या मोकळ्या रानात नवा बाजार झाला आणि त्यात मी पहिलं दुकान बांधलं. आता बाजार कोपऱ्यावरून उजवीकडं वळलं की माझं दुकान लागतं, मग हमाल गल्ली. तेव्हापासून माझं मागणं सुरू झालं, की फेरी उजवीकडं न्या. खरं सांगायचं तर आधी मला गल्लीबिल्ली काही आठवली नव्हती. फेरी माझ्या दारावरून जावी आणि मोठ्या शेठच्या ओट्यावरून ते बघितलं जावं, एवढंच हवं होतं. पोरांना पेढे देतो म्हणालो, ढोलांना नवी कातडी घालून देतो म्हणालो. हवालदार म्हणायचे, "फेरी बाजारातला माल न्हाय, मल्ल्या." मी म्हणायचो, "मग मोठ्या शेटच्या दारावरनं जाती ती काय?" ते म्हणायचे, "ती चावडीला जाती. वाटेत त्याचं दार हाय, त्याला मी काय करू." यावर माझा तोल जायचा. एकदा मी त्यांच्या अंगणातला पाण्याचा तांब्या लाथेनं उडवला. त्यांच्या बायको, आमच्या पारूवैनी, तो तांब्या उचलून पुन्हा भरून माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, "आधी पाणी पी. मग दुसरी लाथ मार."

बांगलादेशच्या लढाईनंतरची फेरी गावानं अजून विसरलेली नाही. रांगा शाळेपासून कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या, हवालदारांनी छातीवर पदकं लावली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी दुष्काळ. बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. बाजारात माल नाही, हमाल सगळे अक्कलकोटच्या रस्त्याला खडी फोडायला गेलेले, शाळेत पोरं नाहीत. हेडमास्तर म्हणाले, यंदा नुसता झेंडा लावू. हवालदार पायी खडीच्या कामावर गेले. तिथं लोकांनी सरळ सांगितलं, "अण्णा, पोटात काय न्हाय. पाय कसं उचलायचं?" मला हे कळलं आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी हवालदारांना निरोप पाठवला, की फेरीला येईल त्या प्रत्येकाला पोटभर घुगऱ्या घालतो, मोठ्या कढईत, माझ्या दुकानासमोर. फक्त फेरी उजवीकडं वळवा. उत्तर आलं, "उपाशी माणसाला भाड्यानं चालवणार न्हाय." त्या वर्षी एकोणीस माणसं चालली. मी गेलो नाही. दुकानासमोर मी हट्टानं चढवलेल्या घुगऱ्या शिजत होत्या आणि समोर कुत्रं नव्हतं. फेरी डावीकडं वळल्याचा ढोल ऐकला, मग सलामीचा, मग शांत झालं. थोड्या वेळानं हवालदार एकटेच आले. पूर्ण गणवेशात, बूट चमकत होते. कढईजवळ उभं राहून पानावर घुगऱ्या घेतल्या, उभ्यानंच खाल्ल्या. म्हणाले, "मीठ कमी हाय." मी म्हणालो, "फेरी आली न्हाय." ते म्हणाले, "मी आलोय की." मग वळून हाक मारली, तर कोपऱ्यामागं खडी फोडणारी सारी माणसं थांबली होती, बायकापोरांसकट. त्यांना घेऊनच ते आले होते, फक्त रांगेत नव्हे, हुकमानं नव्हे. कढई घटकेत रिकामी झाली. गाव म्हणालं, हवालदारांनी मल्लूशेठचं मन राखलं. मी म्हणालो, फेरी ती फेरी आणि जेवण ते जेवण. आजही तेच म्हणतो. माणसांना खाऊ घातल्याचं समाधान मला आहे, पण ते मी मागितलं नव्हतं.

आणीबाणीत घोषणांचे कागद वरून आले, तेव्हा हवालदारांनी ते नीट वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि फेरी मुक्यानं नेली. फक्त बुटांचा आवाज. अशा वेळी माझ्या मनात यायचं, हा माणूस कुणाला भीत नाही, मग एका वळणाला का भितो?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी जायला टाळत होतो. भांडायची सवय असलेल्या माणसासमोर तो गप्प पडलेला असताना बसणं अवघड असतं. डिसेंबर लागल्यावर एका दुपारी गेलो. पारूवैनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. हवालदार बाजेवर, दाढी केलेली, केस विंचरलेले, डोळे मात्र तेच. मी तुरीचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. ते बघत होते. आणि माझी जुनी खाज उसळली. म्हणालो, "अण्णा, आता तरी सांगा. उजवीकडं का न्हाय?" आणि सवयीनं, किंवा कदाचित दुसरी भाषाच मला येत नाही म्हणून, मी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. त्यांना हा रुमालाखालचा व्यवहार कधी आवडला नव्हता. "जे बोलायचं ते उजेडात बोला," म्हणायचे. मी डावा हात पुढं केला होता. त्यांच्या चालू असलेल्या हातानं माझा डावा हात बाजूला सारला. चाचपत माझा उजवा हात शोधला. आणि पाची बोटं एकत्र धरून तीनदा दाबली. आमच्या बाजारात पाची बोटं एकदा धरली तर त्याला अर्थ आहे. तीनदा दाबण्याला कुठलाच भाव नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. नाडीकडं लक्ष दिलं. आयुष्यभर हातावरून माणसाच्या मनातलं ओळखत आलो, त्यावर घर बांधलं… आणि या एका हातातलं मला नक्की कळेना. उजवीकडं न्या म्हणाले? की मागचं विसर म्हणाले? की नुसता निरोप घेतला? तीन आठवड्यांनी ते गेले.

त्यांच्यामागं पहिला प्रश्न आला फेरीचा. सव्वीस जानेवारीला चारच आठवडे होते. शाळेत बैठक भरली. बरेच जण म्हणाले, हवालदारच नाहीत तर यंदा राहू द्या. यंदा राहिलं की कायमचं राहिलं, हे मी बाजारात पुष्कळदा बघितलं आहे. हेडमास्तर म्हणाले, काढायची तर त्यांनी आखून दिलेल्या रस्त्यानंच. मी उठून म्हणालो, "त्यांनी उजवीकडं सांगितलंय. मला." हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "कधी सांगितलं, शेठ? त्यांची तर वाचा गेली होती." मी म्हणालो, "हातानं." मागून कुणीतरी विचारलं, "रुमालाखाली?" आणि सगळे हसले. रुमालाखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. दलालाचा शब्द, मेलेल्या माणसाच्या नावावर, आणि तोही दलालाच्याच दारावरून जाणाऱ्या रस्त्यासाठी. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. पण मी त्यांच्या जागी नव्हतो. बाक ढकलून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पारूवैनींचा निरोप आला. गेलो. त्यांनी बस म्हटलं नाही, उभ्यानंच विचारलं, "मल्ल्या, खरं सांग. व्हय म्हणाले का ते तुला?" सवयीनं माझ्या तोंडात 'व्हय' असा चढा भाव आला होता. तो मी गिळला. म्हणालो, "वैनी, उजवा हात दाबला एवढं खरं. का दाबला, मला ठाऊक न्हाय." त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आज पैल्यांदा तू कमी करून सांगितलंस." आणि मला जे कधी माहीत नव्हतं ते त्यांनी सांगितलं. दरवर्षी फेरीहून घरी आल्यावर हवालदार दोन दिवस धड जेवायचे नाहीत. बूट काढून बसायचे. पहिल्या वर्षी म्हणाले होते, "पारू, गल्लीतल्या बायकांनी घरं सारवली हुती. त्यांच्या तोंडाला मी पानं पुसली. आणि त्या पोराला सगळ्यांदेखत बोललो." पुढच्या वर्षी उजवीकडं नेऊ, असं ते दरवर्षी ठरवायचे. कोपरा आला की त्यांना पेठेचं ते हसणं ऐकू यायचं आणि तोंडातून निघायचं 'बाये'. मी म्हणालो, "मला सांगायचं की मग." वैनी म्हणाल्या, "तुला? तू लाथेनं तांब्या उडवतोस. तुला कोण सांगणार?"

त्याच संध्याकाळी त्या शाळेत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा. हेडमास्तरांना म्हणाल्या, "मी फेरीत येणार हाय. पुढं चालणार हाय आणि कोपऱ्यावर उजवीकडं वळणार हाय. ज्याला यायचं त्यानं यावं, ज्याला चावडी पायजे त्यानं चावडीला जावं."

राहिला होता 'मूड'चा प्रश्न. इमामचाचा आणि मी आठ दिवस पोरांना घेऊन मैदानावर. हमालांना उजवं शिकवणं सोपं गेलं. पोत्याचा हूक ज्या हातात धरतो तो हात. पोरांचा मात्र तोच घोळ. निम्मी आजही घरी कानडी बोलतात आणि 'मूड' ऐकलं की निम्मी उगवतीला. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. इमामचाचा म्हणाले, "शेठ, चिल्लाने से दिशा नहीं बदलती." वैनी कडेला बसून बघत होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "लेकरांनो, जेवायचा हात कुटला?" सगळे हात वर झाले. सगळे उजवे. मग कानडीतून विचारलं, "उण्णो कै?" तेच हात पुन्हा वर. "मग तिकडं," म्हणाल्या. पंचवीस वर्षं पलटणीच्या हुकमाला जे जमलं नाही ते वैनींच्या पंगतीनं केलं.

सव्वीस जानेवारीला धुकं होतं. वैनी पुढं, मागं पोरं, मग गावकरी, शेवटी हमाल, आणि हमालांत शेवटच्या रांगेत मी. पुढं चल म्हणत होते सगळे. मी गेलो नाही. माझी जागा मला कुणी दाखवलेली असली तरी एवढ्या वर्षांनी ती माझीच होती. कोपरा आला. पेठेचे ओटे भरलेले. ढोल थांबला. वैनींनी हुकूम दिला नाही, पंगतीला बोलवावं तशा म्हणाल्या, "जेवायचा हात… उण्णो कै." आणि फेरी उजवीकडं वळली. एकही पोर चुकलं नाही. कुणी हसलं नाही. मोठे शेठ आता थकलेत. ओट्यावर खुर्चीत होते, त्यांनी टोपी काढली. मी दुकानाला तिरंगी पताका लावल्या होत्या, दार रंगवून घेतलं होतं. ज्यासाठी इतकी वर्षं भांडलो ते झालं आणि मला माझं दुकान दिसलंच नाही. कवायतीत मान वळवायची नसते.

हमाल गल्लीत सडे घातले होते. बायका दारात उभ्या. माझ्या आईच्या घरात आता दुसरं कुणी राहतं, तेही दारात. आणि पुढची रांग एकदम थबकली. गल्ली पुढं बंद आहे. समोर भिंत, भिंतीमागं रेल्वेची हद्द. मी त्या गल्लीत जन्मलो, इमामचाचा अजून तिथंच राहतात, आठ दिवस आम्ही वळण शिकवलं, आणि बाहेर कसं पडायचं हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. इमामचाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "अब?" मी तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो हवालदारांचा हुकूम, पीछे मूड. गल्ली मावळतीला जाते. मागं म्हणजे उगवत. मराठी आणि कानडी, सगळी एकाच बाजूला वळली. आणि आम्ही शेवटचे होतो ते पहिले झालो.

पहिल्या रांगेत मी ताठ निघालो. हमालाची चाल लांब असते, ओझं लवकर उतरवायचं असतं ना. दहा-वीस पावलं गेलो असेन, तर मागून, आता शेवटच्या रांगेतून, वैनींचा आवाज आला, "मल्ल्या, हळू. लेकरं पळाय लागलीत." मागं बघितलं तर पोरांची रांग मोडून त्यांची धावपळ चालली होती. मी पाऊल आखूड केलं. आणखी आखूड. सगळ्यात लहान पोराच्या पायाला जमेल एवढं. तेव्हा मला उमगलं, की तो उंचापुरा माणूस फेरीच्या पुढं इतकी आखूड पावलं का टाकायचा. आम्ही मागं समजायचो की पलटणीची ऐट आहे.

माझी तक्रार मिटली असं मी म्हणणार नाही. 'लोक बघत्यात तितं तू नको' हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, आणि मनात होतं ते जिवंतपणी माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. पण पुढच्या वर्षीची फेरी माझ्याकडं आली आहे. पुन्हा त्याच गल्लीत जाईल आणि तिथून पुन्हा उलटी फिरेल. आणि परवा बाजारात चालताना इमामचाचांनी मला थांबवून विचारलं, "शेठ, पाँव में कुछ लगा क्या? इतना छोटा-छोटा क्यूँ चल रहे?" मी म्हणालो, काही नाही लागलं. सवय करतोय.